चोळपुरम्‌चा रस्ता आणि देवळाच्या भिंतीतला दगड



२६ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत तूत्तुक्कुडीला एक कार्यक्रम झाला. राष्ट्रीय महामार्ग ३६ चा सेत्तियातोप ते चोळपुरम् हा सुमारे ५० किलोमीटरचा चौपदरी तुकडा त्यात पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. खर्च २,३५० कोटी रुपयांच्या वर. तीन बाह्यवळणं, सात उड्डाणपूल, आणि कोळ्ळिडम् नदीवर एक किलोमीटर लांबीचा पूल. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, पंतप्रधान गंगैकोंडचोळपुरमच्या देवळात होते. राजेंद्र चोळाच्या आग्नेय आशियाकडच्या सागरी स्वारीला हजार वर्षं झाली म्हणून तिथं मोठा सोहळा होता.

बातम्यांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या आल्या. एक विकासाची, एक वारशाची. प्रत्यक्षात हा रस्ता आणि ते देऊळ यांच्यामध्ये एक जुना हिशेब आहे, आणि तो अजून चुकता झालेला नाही. आजचा भाग त्या हिशेबाचा.

आधी नावाचा घोळ मिटवू. चोळपुरम् दोन आहेत. महामार्गाच्या तुकड्याला ज्याचं नाव आहे ते चोळपुरम् म्हणजे कुंभकोणम्‌जवळचं गाव, तंजावर जिल्ह्यातलं. तिथून ईशान्येकडे निघालं की तिरुप्पनंदाळ लागतं, मग अणैक्करै येतं आणि तिथं कोळ्ळिडम् ओलांडली की पलीकडे काही मैलांवर दुसरं, राजेंद्राच्या राजधानीचं गंगैकोंडचोळपुरम्. अणैक्करै या नावातला ‘अणै’ म्हणजे धरण किंवा बंधारा. हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला परत तिथंच यायचं आहे.

बांधकाम व्यवस्थापन आणि पायाभूत सुविधांचं नियोजन हा आता रीतसर पीएचडीचा विषय आहे. आयआयटी मद्रासच्या स्थापत्य विभागात त्याची वेगळी शाखा आहे, आपल्याकडे पुण्यात निकमार आहे. या विषयातले प्रबंध साधारण ज्या प्रश्नांभोवती फिरतात ते तुम्ही ऐकलेले असतील: काम का रखडतं, खर्च का वाढतो, जमीन वेळेवर का मिळत नाही, कंत्राटदार आणि सरकार यांचे वाद कसे मिटवावेत. यातली हत्यारं नवी आहेत. ‘क्रिटिकल पाथ’ची रीत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत तयार झाली, ‘पर्ट’ पुढच्या वर्षी अमेरिकन नौदलात. पण काम काही १९५७ ला सुरू झालं नाही. आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाइतकी या विषयाची जुनी, सलग आणि कागदपत्रांनी भरलेली प्रयोगशाळा भारतात दुसरी सापडणं अवघड आहे.

कावेरीच्या या प्रदेशात पाणी आहे, गाळ आहे, भात आहे, माणसं आहेत. दगड नाही. जमीन खणत जा, गाळ आणि वाळूच लागते. म्हणून इथं जो कोणी मोठं बांधकाम काढतो, मग तो राजा असो, कंपनी सरकार असो की महामार्ग प्राधिकरण, त्याला पहिला प्रश्न एकच पडतो: दगड कुठून आणायचा?

राजराज चोळानं तंजावरला बृहदीश्वराचं देऊळ उभारलं, सुमारे १००३ ते १०१० या काळात. विमान साठ मीटरांच्या आसपास उंच आणि सगळं ग्रॅनाइटमध्ये. हा ग्रॅनाइट तिरुच्चिरापळ्ळी आणि पुदुक्कोट्टैकडच्या खडकाळ भागातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून आणावा लागला. एवढं मोठं काम सात-आठ वर्षांत उरकलं. मुख्य स्थपतीचं नावही भिंतीवर आहे, कुंजरमल्लन राजराज पेरुंदच्चन. देऊळ बांधणाऱ्याचं नाव इतक्या मानानं कोरलेलं आपल्याला क्वचित भेटतं.

आपल्या मराठी मंडळींना या देवळाची ओळख बहुतेक वेळा दुसऱ्या लेखामुळे असते. सरफोजीराजांच्या काळात १८०३ साली याच देवळाच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरला गेला. सहलीला गेलेला मराठी माणूस तो लेख शोधतो, फोटो काढतो, खूश होतो. यात गैर काही नाही. पण त्याच देवळाच्या जोत्यावर आणि भिंतींवर जे तमिळ लेख आहेत, ते वाचून दाखवणारा कोणी बरोबर असला तर आणखी तासभर तिथंच जाईल. हुल्ट्श या जर्मन विद्वानानं ते ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’च्या दुसऱ्या खंडात छापले.

त्यात काय आहे? बांधकामाला किती खर्च आला, हे नाही. देऊळ चालणार कसं, हे आहे. कुठल्या गावाची किती जमीन, ‘वेली’ या मापाच्या बारीक अंशांपर्यंत मोजलेली. त्यातली करपात्र किती, वस्ती, तलाव, स्मशान यांची वजा केलेली किती. आणि उरलेल्या जमिनीतून देवळाला वर्षाला किती भात यायचं. वेगवेगळ्या गावांतल्या देवळांतून आणलेल्या ४०० नर्तकींची नावं आहेत. कोण कुठल्या गावच्या देवळातली, आता कुठल्या रस्त्यावर, कुठल्या रांगेत, कितव्या घरात राहणार, हे एकेकीसाठी लिहिलेलं आहे. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम भात. वादक, हिशेबनीस, शिंपी, दिवे लावणारे, परीट यांचेही वाटे ठरलेले. कुठल्या गावानं पहारेकरी पाठवायचा आणि त्याचा भात कोणी द्यायचा, हेही आहे.

दिव्याची सोय तर मला फार आवडते. एका अखंड दिव्याला ९६ मेंढ्या. मेंढ्या धनगराच्या ताब्यात द्यायच्या आणि त्यानं रोज ठरलेलं तूप आणून घालायचं. या मेंढ्यांना चोळ लेखांतलं विशेषण आहे ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’. मेंढी मरतेच, म्हातारीही होते. पण कळप वाढतो, आणि कागदावर संख्या ९६ च धरायची. म्हणजे मुद्दल कायम, व्याजातून दिवा. आजच्या भाषेत हा देखभालीचा राखीव निधी झाला. तो मेंढ्यांत ठेवला होता, एवढाच फरक.

पाण्याच्या कामालाही हीच पद्धत होती. परांतक चोळाच्या काळातले उत्तरमेरूरचे ९१९ आणि ९२१ सालचे लेख प्रसिद्ध आहेत. ग्रामसभेच्या समित्यांत एक ‘एरि वारियम्’, म्हणजे तलाव समिती. सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडायचे, मुदत ३६० दिवस. पूर्वी समितीवर असताना ज्यानं हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. तलावातला गाळ होडीनं काढायचा खर्च भागावा म्हणून दिलेली दानं त्या काळच्या लेखांत आढळतात. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत चालायची. पाटकरी, हवालदार, जागल्या, पाळी ठरलेली, पाट साफ करायला प्रत्येक घरातून माणूस. जात एकच आहे या दोन व्यवस्थांची.

हे ऐकून चोळांचं राज्य म्हणजे रामराज्य असं कोणी समजू नये. त्याच लेखांमध्ये ‘वेट्टि’ हा शब्द वारंवार येतो. वेट्टि म्हणजे आपली वेठ. पन्नास किलोमीटर दगड ओढणाऱ्यांतले किती राजीखुशीनं आले आणि किती वेठीला धरून आणले, हे भिंत सांगत नाही. नर्तकींचे घरक्रमांक सांगणारी भिंत याबाबतीत गप्प आहे.

राजराजाचा मुलगा राजेंद्र यानं राजधानीच हलवली. सैन्य गंगेपर्यंत जाऊन आलं, गंगेचं पाणी आणलं, आणि त्याची आठवण म्हणून कोळ्ळिडम्‌च्या उत्तरेला गंगैकोंडचोळपुरम् वसलं. तिथं पंचावन्न मीटरांच्या आसपास उंचीचं देऊळ, आणि शेजारी ‘चोळगंगम्’ हा अफाट तलाव. तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात या तलावाला पाण्याचा जयस्तंभ म्हटलं आहे. विजयाचं स्मारक म्हणून दगडी खांब रोवायचा तर रोवावा. या माणसानं सिंचनाचा तलाव बांधला. आजचं त्याचं नाव पोन्नेरी. बांध उत्तर-दक्षिण, मैलोन्‌मैल लांब. पुढं सुमारे अडीचशे वर्षं ही चोळांची राजधानी राहिली. १२७९ च्या सुमारास राज्य संपलं, आणि तलावाची निगा राखणारंही कोणी उरलं नाही. नगरीतल्या राजवाड्याच्या विटा आसपासच्या गावांनी घरं बांधायला नेल्या. हेही खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. देऊळ मात्र उभं होतं, भोवती दुमजली दगडी प्राकार आणि पूर्वेला गोपुर.

आता थेट १८०० च्या आसपास येऊ. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं तेव्हापासून हा प्रदेश मराठ्यांकडे होता. १७९९ च्या तहानं सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार कंपनीला दिला; त्यांच्याकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि लगतचा थोडा भाग. कोळ्ळिडम्‌पलीकडचा त्रिचनापल्लीचा मुलूख १८०१ मध्ये कंपनीकडे गेला.

कंपनीच्या हाती आलेल्या या सोन्यासारख्या मुलखात एक दुखणं होतं. तिरुच्चिरापळ्ळीच्या वर कावेरी दुभंगते. उजवीकडची कावेरी, डावीकडची कोळ्ळिडम्, मध्ये श्रीरंगमचं बेट. कोळ्ळिडम्‌चा मार्ग सरळ आणि उताराचा, म्हणून पाणी तिकडे पळतं. कावेरीत गाळ साचतो, पात्र उथळ होतं, आणि तंजावरची शेतं कोरडी पडतात. हे दुखणं नवं नव्हतं. करिकाल चोळाच्या नावावर असलेला कल्लणै हा बंधारा बेटाच्या खालच्या टोकाला याचसाठी बांधलेला आहे. कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याला ‘ग्रँड ॲनिकट’ म्हटलं. ॲनिकट म्हणजे तमिळ ‘अणैकट्टु’च, इंग्रजी टोपी घातलेला.

मद्रास इंजिनिअर्सचा आर्थर कॉटन (१८०३–१८९९) या बंधाऱ्यापाशी बराच काळ होता. नदीची वाळू किती खोल आहे याचा पत्ता नाही, खडक लागत नाही, मग पाया घ्यायचा कसा? कल्लणैचं उत्तर साधं होतं. मोठे अनगड दगड वाळूत टाकायचे. ते आपल्या वजनानं आणि प्रवाहानं खाली बसतात. त्यांच्यावर पुन्हा टाकायचे. बसायचे थांबले की पाया झाला. आपण हे इथल्या जुन्या बांधणाऱ्यांकडून शिकलो, असं कॉटननं स्वतः लिहून ठेवलं आहे. गोदावरीवरचा धवळेश्वरमचा बंधारा (१८४७–५२) याच शिदोरीवर उभा राहिला. गोऱ्या इंजिनिअरनं असं मोकळेपणानं कबूल करणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

१८३६ मध्ये कॉटनच्या योजनेनं कोळ्ळिडम्‌वर दोन बंधारे घातले गेले. वरचा, जिथं नदी दुभंगते तिथं, म्हणजे कावेरीला तिचं पाणी मिळावं. आता वरून पाणी अडवलं तर खाली कोळ्ळिडम्‌वर अवलंबून असलेल्या चिदंबरमकडच्या शेतांचं काय? म्हणून दुसरा, खालचा बंधारा, उरलंसुरलं आणि पाझरून आलेलं पाणी गोळा करायला. जागा: अणैक्करै.

नियोजन म्हणून पाहिलं तर काम अस्सल आहे. एका ठिकाणी घेतलेल्या पाण्याची भरपाई दुसऱ्या ठिकाणी, एकाच योजनेत. वरच्या बंधाऱ्याचा परिणाम अंदाजापेक्षा जास्त झाला, कावेरीत इतकं पाणी येऊ लागलं की काही वर्षांतच त्याचा मधला भाग उतरवावा लागला. पण ही चूक मोजून, बघून दुरुस्त केली गेली.

अणैक्करैला मात्र तोच जुना प्रश्न उभा राहिला. दगड कुठून आणायचा?

काही मैलांवर गंगैकोंडचोळपुरमचं देऊळ होतं. घडवलेला, चौकोनी, तयार ग्रॅनाइट. खाण नको, पाथरवट नको, लांबची वाहतूक नको. प्राकाराची भिंत पाडली, गोपुर पाडलं, आणि दगड नदीवर नेला.

१८५५ साली एका स्थानिक पत्रात याबद्दल टिपण आलं. ते पुढे ‘इंडियन अँटिक्वरी’त पुन्हा छापलं गेलं, आणि नीलकंठ शास्त्रींनी चोळांवरच्या आपल्या ग्रंथात घेतलं. टिपण लिहिणाऱ्याला संताप आवरलेला नाही. तो सांगतो की गावच्या गरीब लोकांनी ही मोडतोड थांबवायचा होईल तेवढा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. उलट सरकारी हुकुमाचा अवमान केला म्हणून शिक्षा झाली. दगडी भिंतीच्या जागी विटांची भिंत बांधून देऊ, असं वचन सरकारनं दिलं होतं. एकोणीस वर्षांनंतर तो लिहितो की ते वचन पाळलेलं नाही.

योगायोग असा, की याच १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, वारले आणि कंपनीनं ते संस्थानही खालसा केलं.

मंडळी, इथं मला जरा थांबायचं आहे. अणैक्करैच्या बंधाऱ्याचं कौतुक करताना तो किती स्वस्तात झाला, त्यानं किती एकर भिजले, महसूल किती वाढला, असे हिशेब मांडता येतात आणि त्या काळी मांडले जातही. पण दगडाची किंमत शून्य धरली तर अंदाजपत्रक हलकं होणारच. तो दगड एकदा लांबून ओढून आणलेला होता, कोणाच्या तरी वेठीनं. आठशे वर्षांनी तो दुसऱ्यांदा फुकट उचलला. दोन्ही वेळा ज्यांनी किंमत दिली त्यांची नावं हिशेबात नाहीत. बंधारा नको होता असं मी म्हणत नाही. तो नसता तर चिदंबरमकडच्या लोकांची शेतं गेली असती. विटांची भिंत मात्र बांधायला हवी होती. ती काही कोट्यवधींची गोष्ट नव्हती.

देखभालीचंही असंच झालं. गावानं मिळून पाट-तलाव साफ करायच्या पद्धतीला तमिळमध्ये ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. ‘कुडि’ म्हणजे रयत, आणि ‘मरामत्तु’ ही आपली मरामत, अरबी-फारसीतून आलेली, जुन्या मराठी दप्तरांत ठिकठिकाणी भेटणारी. हे काम गाव करत असे तेव्हा त्याच्या मागे गावाच्या जमिनी होत्या, दानं होती, समितीचा वचक होता. कंपनीच्या महसूल पद्धतीनं ते आधार काढून घेतले, आणि मग काम होईना म्हणून १८५८ मध्ये मद्रासला सक्तीच्या श्रमाचा कायदा केला. रूढीप्रमाणे येणारा माणूस आला नाही तर त्याच्या श्रमाच्या दुप्पट किंमत वसूल करायची. मेंढ्या काढून घेतल्या आणि तूप मात्र मागितलं. २०१७ मध्ये तमिळनाडू सरकारनं कुडिमरामत्तु याच नावानं तलाव दुरुस्तीची योजना पुन्हा सुरू केली. नाव परत आलं, त्यामागची समिती अजून ठिकठिकाणी शोधावी लागते.

वरच्या बंधाऱ्याचं पुढं काय झालं, हे बऱ्याच जणांच्या आठवणीत असेल. १९३४ पासून वर मेट्टूरचं धरण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कावेरीला पूर आला, पाणी कोळ्ळिडम्‌कडे वळवलं होतं, आणि २२ तारखेच्या रात्री बंधाऱ्याचे नऊ दरवाजे खांबांसकट वाहून गेले. १८२ वर्षांचं बांधकाम. त्यानंतर वाळूउपशावर, देखभालीवर, वयावर पुष्कळ वाद झाला. किती साली काय तपासलं, कोणी सही केली, हे तंजावरच्या भिंतीसारखं कोणी बंधाऱ्याच्या भिंतीवर कोरून ठेवलं असतं तर वादाचा निम्मा वेळ वाचला असता.

आणि आता नवा रस्ता. गाळाच्या प्रदेशात चौपदरी महामार्ग म्हणजे भरावाची माती आणि फोडलेली खडी बाहेरून आणणं आलंच. प्रश्न राजराजाचाच आहे, फक्त बैलांच्या जागी डंपर. दीडशेहून अधिक वर्षं या भागातली माणसं अणैक्करैला जुन्या बंधाऱ्यावरूनच कोळ्ळिडम् ओलांडत आली. नवा पूल हवाच होता. पण बातम्यांतून आपल्याला काय कळलं? खर्च २,३५० कोटी, वेळ वाचणार ४५ मिनिटं. पुढची पन्नास वर्षं या पुलाची निगा कोण, कुठल्या पैशातून राखणार, ते तुमच्या-माझ्यापर्यंत आलं नाही. राजराजानं नेमकं उलटं केलं होतं.

अणैक्करैच्या बंधाऱ्यातून वडवार कालवा निघतो आणि वीराणम् तलावाला मिळतो. हा तलाव परांतक चोळाच्या काळचा, त्याच्या ‘वीरनारायण’ या बिरुदावरून नाव पडलेला. २००४ पासून वीराणम्‌चं पाणी जलवाहिनीनं सव्वादोनशेहून अधिक किलोमीटरवर चेन्नईला जातं. म्हणजे चेन्नईतल्या काही घरांत नळ सोडला की येणारं पाणी देवळाच्या दगडांनी अडवलेलं असतं. गंगैकोंडचोळपुरमला गेलात तर विमान बघालच, नंदी बघाल; त्याबरोबर पूर्वेच्या बाजूला गोपुराचा जो उरलेला भाग आहे तोही बघा. २००४ पासूनच हे देऊळ जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तुमच्यापैकी कोणी या विषयात संशोधन करत असेल, किंवा घरात कोणी प्रबंधाचा विषय शोधत असेल, तर साहित्य चार ठिकाणी आहे. चोळांचे लेख छापील खंडांत आहेत. कंपनीची कागदपत्रं चेन्नईच्या एळुंबूरमधल्या तमिळनाडू अभिलेखागारात आहेत. आजच्या महामार्गाची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागता येतात. आणि तंजावरच्या सरस्वती महालात मराठा दरबाराच्या मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. त्यांतला काही भाग तमिळमध्ये उतरलेला आहे, बराचसा वाचणाऱ्याची वाट पाहतो आहे. मोडी आणि तमिळ दोन्ही येणारा स्थापत्य अभियंता मिळणं कठीण, हे मला माहीत आहे. पण दोघांनी मिळून काम केलं तर जमण्यासारखं आहे. कोणी सुरुवात केली असेल तर मालिकेच्या पत्त्यावर जरूर कळवा.

पुढच्या भागात भेटू.